तिसरं कबूल

सरांच्या मातीला गर्दी बरीच होती. नातेवाईक त्यात थोडे. बाकी आम्ही सगळे एकमेकांना अनोळखी, आणि तरी थोड्या वेळाने आमच्यात बोलणं सुरू झालंच. माझ्या शेजारी सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर उभ्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "तुमचा काय झालता?"

"लोगोवर अडकला होता," मी म्हणालो.

"माझा सारखा बेशुद्ध पडायचा."

पलीकडचा एक जीपवाला वळून म्हणाला, "माझा तर मेलाच व्हता, बाई. पार काळा. सरांनी दोन दिसांत उठवून बसवला." मग आपण कुठे उभे आहोत ते त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने जीभ चावली.

सरांना हे ऐकून राग आला नसता. ते स्वतः मोबाइलला पेशंटच म्हणत. अंबाजोगाईत दवाखाना मोठा असल्यामुळे असेल, पण आमच्या गावात बिघडलेली मोटारसायकलसुद्धा 'अ‍ॅडमिट' होते. सरांचं दुकान त्या दवाखान्याच्याच रस्त्यावर, औषधांच्या दोन दुकानांमध्ये चिणून बसवल्यासारखं होतं. वर पाटी होती, 'इंग्रजी-मराठी टंकलेखन संस्था'. संस्था कधीच बंद झाली होती. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात नंतर कोणीतरी लाल अक्षरांत 'मोबाइल सॉफ्टवेअर' असं लिहिलं होतं, तेही इतकं बारीक की गरजवंतालाच दिसावं.

काच फुटलेला मोबाइल घेऊन कोणी आलं की सर मान वर न करता म्हणत, "काच पुढच्या दुकानात. आमी फक्त डोक्याचे डॉक्टर." म्हणजे असं की ज्या मोबाइलचं शरीर धड आहे पण आतली व्यवस्था कोलमडली आहे, तेवढेच ते घेत. केबलने तो कॉम्प्युटरला जोडायचा आणि त्याची सगळी मूळ प्रणाली पुन्हा पहिल्यापासून लिहून काढायची. बाजारात याला 'फ्लॅश मारणं' म्हणतात. सरांनी एका गिऱ्हाइकाला या शब्दावरून दहा मिनिटं उभं केलेलं मी पाहिलं आहे. "मारायचं कावून म्हणता? कोणाला मारायलाय आमी?"

टंकलेखनाची शिस्त त्यांच्या अंगातून गेली नव्हती. कॉम्प्युटरपुढे ते पाठ ताठ ठेवून बसत, दहाही बोटांनी टाइप करत, आणि कीबोर्डकडे पाहणं त्यांना कमीपणाचं वाटे. काम संपलं की कॉम्प्युटरवर जुन्या टाइपरायटरचं शिवलेलं खाकी कव्हर चढत असे. ते पडद्याला अपुरं पडायचं, त्यामुळे पडद्याची मान नेहमी उघडी राहायची. एवढं सगळं करणाऱ्या या माणसाच्या खिशात मात्र बटणांचा साधा मोबाइल होता. का, असं एकदा मी विचारलं. ते म्हणाले, "हलवाई कुठं पेढे खातो?" मग थोडं थांबून, "अन् खरं सांगू का, मला भ्याव वाटतं. त्यात माणसं लई काय काय ठेवतेत."

त्यांचे काही नियम होते. ते कुठे लिहिलेले नव्हते, पण मोडता येत नसत. दवाखान्यात ज्याचं माणूस आहे त्याचं काम आधी. खुर्चीवर कितीही जण बसलेले असोत, कोणी टॉवेल खांद्यावर टाकून, झोप न झालेल्या डोळ्यांनी आत आलं की सर विचारत, "कोणत्या वॉर्डात?" आणि त्याचा मोबाइल हातात घेत. गावाकडे निरोप द्यायचा असतो, म्हणत. बाकीच्यांनी कुरकुर केली तर, "तुमचं माणूस घरी हाय ना धडधाकट? मग बसा की निवांत."

दुसरा नियम लॉक विसरलेल्या मोबाइलचा. असा मोबाइल घेऊन येणाऱ्याची ते उलटतपासणी घेत. एकदा मी बसलो असताना एक चांगल्या कपड्यांतला तरुण आला. पॅटर्न विसरलो म्हणाला. सरांनी बटण दाबून मोबाइलचा पडदा उजळला. लॉकच्या मागे फेटा बांधलेल्या एका म्हाताऱ्याचा फोटो होता.

"हे कोण?"

"आजोबा."

"नाव काय आजोबांचं?"

तरुणाने छताच्या पंख्याकडे पाहिलं.

"आजोबाचं नाव आठवायला पंख्याकडं बघावं लागतंय व्हय बे?" सर म्हणाले. "बस. चहा पी. आठवलं की सांग."

त्याला आठवलं नाही. चहा न पिताच तो गेला, मोबाइल टाकून. दोन दिवसांनी त्या मोबाइलवर खऱ्या मालकाचा फोन आला. तो फेटेवाला स्वतःच होता. दवाखान्याच्या आवारात त्याच्या उशाखालून मोबाइल गेला होता. सर त्याला म्हणाले, "फोटो लई कामाचा लावलात, बाबा."

पण सर ज्यासाठी गावात प्रसिद्ध होते तो नियम तिसरा. मोबाइलमधलं सगळं पुसून टाकणारं बटण दाबण्याआधी ते मालकाला समोर बसवत आणि मोठ्याने म्हणत, "ह्यातले फोटो, नंबर, मेसेज, सगळं जाईल. परत येणार न्हाई. कबूल?" मालक म्हणे, कबूल. सर पुन्हा विचारत, "कबूल?" मालक हसून म्हणे, कबूल. सर तिसऱ्यांदा विचारत. तोपर्यंत दुकानातले बाकीचे गप्प झालेले असत. तिसरं कबूल ऐकल्याशिवाय त्यांचं बोट खाली येत नसे. मालक स्वतःच पाहिजे. भाऊ, पुतण्या, नवरा कोणी चालत नसे. नवऱ्यांनी तर भांडणं केली आहेत. "बायकोचा मोबाइल हाय तर बायकोला आणा," यापलीकडे सर बोलत नसत.

ही पद्धत त्यांनी लहानपणच्या एका मित्राच्या निकाहात पाहिली होती. मला म्हणाले होते, "तीनदा विचारतेत, हे लई शहाणपणाचं हाय, ग्रंथपाल. पहिल्यांदा माणूस सवयीनं हो म्हणतो. दुसऱ्यांदा समोरच्याच्या भिडंनं. तिसऱ्यांदा काय ते खरं बोलतो."

मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करतो. सर मला नावाने कधी हाक मारत नसत, 'ग्रंथपाल' म्हणत. आमची ओळख ज्या कामावरून झाली ते आता लिहायला हरकत नाही. बराच काळ मला ते कोणाला सांगता आलं नव्हतं.

माझा धाकटा भाऊ बीडला शाळेत शिक्षक होता. वडील गेल्यावर आई त्याच्याकडे राहायची. तिचं गुडघ्याचं आणि साखरेचं दुखणं वाढलं, तेव्हा तिने माझ्याकडे यावं, इथे दवाखाना जवळ आहे, असं माझं म्हणणं होतं. त्याचं म्हणणं, तिला तिथली माणसं सोडवत नाहीत. एका संध्याकाळी फोनवर आमचं बोलणं वाढत गेलं. मी शांत माणूस म्हणून ओळखला जातो. त्या दिवशी मी त्याला म्हणालो, "तुला आईची काळजी नाही, तुला तुझी सोय हवी आहे. पुन्हा मला फोन करू नकोस." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला त्याचा व्हॉइस मेसेज आला. एक्केचाळीस सेकंदांचा. मी ग्रंथालयात होतो, कामात होतो, पण ते खरं कारण नव्हे. माझा राग उतरला नव्हता. संध्याकाळी ऐकू म्हणून मी मोबाइल खणात ठेवला. संध्याकाळी बीडहून त्याच्या शेजाऱ्याचा फोन आला. घराच्या पायऱ्या चढताना त्याच्या छातीत कळ आली होती. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याचं वय बेचाळीस.

तो मेसेज मी ऐकला नाही. आधी दिवस-कार्य होतं, माणसं होती. नंतर माणसं गेली आणि मी एकटा त्या मेसेजसमोर बसलो, तेव्हा बोट उचलेना. त्याने मला शिव्या दिल्या असतील तर त्या मी ऐकू शकलो असतो, माझी तेवढी लायकी होती. भीती वेगळीच होती. दुपारपासूनच त्याला बरं वाटत नसेल तर? मी फोन करू नको म्हणालो म्हणून त्याने फोन न करता मेसेज पाठवला असेल, आणि त्यात तो म्हणत असेल की दादा, छातीत दुखतंय, काय करू? साडेबारापासून संध्याकाळपर्यंत पुष्कळ वेळ होता. एवढ्या वेळात माणूस वाचतो. रोज ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारताना मी हा हिशेब करत असे आणि रोज तो त्याच ठिकाणी येऊन थांबत असे.

अकरा महिने असे गेले. आई आता माझ्याकडेच होती. मेसेज ऐकायचा नव्हता आणि पुसायचाही नव्हता, म्हणून मी तो जुना मोबाइल बदलला नाही. एके दिवशी मोबाइलने स्वतःला नवं काहीतरी भरून घेण्याची परवानगी मागितली. मी न वाचता दिली, मी, जो विद्यार्थ्यांना छापील नियम वाचायला लावतो. मध्येच बॅटरी संपली. त्यानंतर बटण दाबलं की कंपनीचं चिन्ह यायचं, थरथरायचं, विझायचं, पुन्हा यायचं. त्याच्यापुढे काही नाही.

तो घेऊन मी सरांकडे गेलो. त्यांनी केबल लावली, कॉम्प्युटरने टुणकन आवाज केला. "ओळखतोय अजून," ते म्हणाले. "शुद्धीत न्हाई, पण नाडी हाय. बॅकअप?"

"नाही."

"आत काही महत्त्वाचं?"

"काही नाही," मी म्हणालो.

मग त्यांनी मला समोर बसवलं आणि ते वाक्य म्हटलं. सगळं जाईल, परत येणार नाही. कबूल?

"कबूल."

"कबूल?"

"कबूल."

मला आठवतं, दुसऱ्यांदा म्हणताना मला जवळपास हलकं वाटलं. तो मेसेज आता आपोआप जाणार होता. मी पुसलेला नसणार होता आणि मी ऐकलेलाही नसणार होता. बिघाड झाला, इलाज नव्हता, असं मी स्वतःला सांगू शकलो असतो. त्याच आशेने मी तिथवर आलो होतो, हे मला तिथे खुर्चीत बसल्यावर कळलं.

"कबूल?" सरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

बाकावरच्या दोघा-तिघांना वाटलं मला ऐकू आलं नाही. एक जण म्हणाला, "कबूल म्हणा, काका. आमाला बी जायचंय."

सरांनी माऊसवरचं बोट उचललं. "काय हाय त्यात?"

"एक मेसेज आहे."

"कोणाचा?"

"भावाचा. तो वारला."

"काय म्हणतो?"

"अजून ऐकला नाही."

सरांनी केबल काढली आणि कॉम्प्युटरवर खाकी कव्हर चढवलं. बाकावरच्यांना म्हणाले, "आज दुकान बंद. उद्या या." ते गेल्यावर सर माझ्यावर चिडले. "शिकलेले माणसं तुमी. आत काही न्हाई म्हणता, वरून दोनदा कबूल म्हणता! माझं बोट खाली आलं असतं म्हंजे?"

त्या दिवशी त्यांनी मला तेलगावची गोष्ट सांगितली. पुष्कळ वर्षांपूर्वी, नुकतंच हे काम शिकले होते तेव्हा, तेलगावचा एक जण आपल्या मावशीचा मोबाइल घेऊन आला. सगळं गेलं तरी चालेल म्हणाला. सरांनी सगळं पुसून मोबाइल नव्यासारखा करून दिला. चार दिवसांनी मावशी स्वतः आली. कापसाच्या वेचणीतून थेट आली होती, साडीला कापसाचे तंतू चिकटलेले. मोबाइल पुढे धरून म्हणाली, "ह्याच्यातलं माझ्या पोरीचं लगीन कुठं गेलं?"

लग्नात फोटोवाला बोलावला नव्हता. सगळे फोटो बाईने आपल्या मोबाइलवर काढले होते. सरांनी सगळे उपाय केले, काही निघालं नाही. "ती भांडली असती तर बरं झालं असतं," सर म्हणाले. "ती म्हणली, तुमी तरी काय करशाल. अन् गेली. मला त्या हप्त्यात जेवण ग्वाड लागलं न्हाई."

पुढच्या रविवारी सर लॅपटॉप घेऊन एसटीने तेलगावला गेले. किराणा दुकानाच्या ओट्यावर बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारू लागले, "अमक्या बाईच्या पोरीच्या लग्नाला कोण कोण आलतं?" गावाला वाटलं सरकारी योजनेची माहिती घ्यायला कोणी आलंय. काही जण आधार कार्ड घेऊन आले. एका म्हाताऱ्याने, आपण लग्नाला नव्हतो पण आपलं नाव यादीत घ्या, म्हणून हट्ट धरला. सरांनी सगळ्यांना समजावलं, एकेकाचा मोबाइल घेतला, लग्नाचे फोटो उतरवले. मांडववाल्याकडे निघाले, वाजंत्र्याकडे निघाले. एकाकडे फक्त बुंदीच्या परातीचे सात फोटो होते, तेही घेतले. नवऱ्या मुलाच्या गावालाही एक रविवार घातला.

"मग बाईला दिले?"

"दिले की. तिनं सगळे बघितले. एका फोटोत ती पोरीला धरून रडायलीय. ती म्हणली, माझ्या फोटूत मी कुठंच नव्हते, सर. काढणारी मीच ना!" हे सांगताना सरांनी चष्मा काढून पुसला. "तवापासून मालकाला बसवून तीनदा विचारतो."

मग ते माझ्या मोबाइलकडे वळले. मला समजेल असं सांगायचं म्हणून त्यांनी टेबलावर बोटाने चौकोन काढला. "हे तुमचं ग्रंथालय. इमारत पडलीय, पण पुस्तकांचं कपाट आत शाबूत हाय. सोपं काम म्हंजे सगळं पाडून नवीन बांधायचं. कपाट त्यातच जातं. आपण काय करायचं, भिंती तेवढ्या नव्या उभारायच्या अन् कपाटाला हात लावायचा न्हाई. पण भिंत जुन्या मापाचीच पाहिजे. एका विटेचा फरक पडला तरी कपाटाचं दार उघडायचं न्हाई."

ते माप शोधण्यात सहा दिवस गेले. माझ्या मोबाइलच्या प्रणालीला एक लांबलचक क्रमांक होता. नेमक्या त्याच क्रमांकाची फाइल पाहिजे होती, शेवटचा अंकही वेगळा चालत नव्हता. मी रोज ग्रंथालय सुटलं की जाऊन बसत असे. सर कुठल्या कुठल्या परदेशी साइटवरून फाइली उतरवत, क्रमांक मोठ्याने वाचत, शेवटच्या अंकाला थांबत आणि म्हणत, "दुसऱ्याची भिंत हाय." एकदा अगदी जवळची फाइल मिळाली. मीच म्हणालो, लावून बघा. ते म्हणाले, "ग्रंथपाल, तुमी पुस्तकाचं एक पान दुसऱ्या पुस्तकातलं चिकटवता का? मग गप बसा."

सातव्या दिवशी क्रमांक जुळला. सरांनी तो दोनदा वाचला, मग मला वाचायला लावला. इन्व्हर्टर पुरता चार्ज आहे ना पाहिलं. केबल जरा सैल होती, म्हणून दुकानात कोणी चालायचं नाही असं फर्मान काढलं. पडद्यावर मोबाइलच्या सगळ्या भागांची यादी आली, प्रत्येक नावापुढे चौकटीत खूण. सरांनी सगळ्यात महत्त्वाच्या नावापुढची खूण काढून टाकली. हे तुमचं कपाट, ह्याला हात लावायचा न्हाई, म्हणाले. मग वरून खालपर्यंत सगळी यादी एकदा बोट लावून तपासली. या वेळी त्यांनी कबूल विचारलं नाही. काही जाणारच नव्हतं.

बटण दाबलं. एक लाल पट्टी आली आणि गेली. मग पिवळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकू लागली, गोगलगाईसारखी. अर्ध्यावर असताना दारात एक माणूस आला. "सर, माझा मोबाइल..." सरांनी तळहात वर केला, तशी त्याने पुढे टाकायला उचललेलं पाऊल हवेतच धरलं. दोन मिनिटं तो तसाच एका पायावर उभा होता. पट्टी शेवटाला टेकली आणि पडद्यावर हिरवी गोल खूण उमटली.

"ठेवा पाय," सर त्याला म्हणाले.

मोबाइल सुरू केला. कंपनीचं चिन्ह आलं. थरथरलं. मी डोळे मिटले. "पहिल्यांदा उठायला वेळ लागतो," सर म्हणाले. "घाई करू नका." मग मंजुळ असा एक आवाज आला, जो आधी रोज कानावर पडायचा आणि मी कधी लक्ष देऊन ऐकला नव्हता. डोळे उघडले तेव्हा पडद्यावर माझ्या टेबलाचा जुना फोटो होता.

सरांनी तो पाहिला आणि लगेच मोबाइल पालथा करून माझ्याकडे सरकवला. हीही त्यांची सवय. उठलेला मोबाइल ते उताणा देत नसत. "तुमचं घर तुमी उघडा." मग त्या एकपायावाल्याचा दंड धरून म्हणाले, "चल बे, चहा पिऊन येऊ." ऐन गर्दीच्या वेळी सर दुकान सोडून गेल्याचं त्याआधी कोणी पाहिलं नव्हतं. जाताना त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं.

मी मेसेज लावला.

आधी खूप गलका. टाळ, माणसं, कुठेतरी भोंगा. मग त्याचा आवाज, अगदी जवळ, खणखणीत, चेष्टेच्या सुरात: "दादा, फोन करू नको म्हणलास म्हणून बोलून पाठवतोय. मोडला का नियम? न्हाई मोडला. नारायणगडावर दर्शनाला आलोय, लई गर्दी हाय. हे बघ, आईला पान कुटायला खलबत्ता घ्यायलोय. तुझ्याकडं येणार हाय ना ती, मग तिथं लागंल तिला. लोखंडी घेऊ का पितळी? सांग लवकर." आणि त्यानंतर त्याला वाटलं असावं मेसेज बंद झाला. तो झाला नव्हता. "कावून हो मामा, एवढा भाव? सोन्याचा हाय का?" विकणारा म्हणाला, "पितळी न्या गुरुजी, जन्माला पुरतंय." "जन्माला पुरतंय म्हंजे कोणाच्या, माझ्या का तुमच्या?" दोघेही हसले. त्या हसण्यावरच एक्केचाळीस सेकंद संपले.

मी तो तीन वेळा ऐकला. कळ नव्हती, धाप नव्हती. त्याला काहीही होत नव्हतं. त्याचा राग रात्रीतच गेला होता, आणि आईला माझ्याकडे पाठवायचं त्याने ठरवूनही टाकलं होतं, इतकं सहज की ते वेगळं सांगायची गरज त्याला वाटली नव्हती. मी उत्तर दिलं नाही एवढं खरं. ते राहील. पण त्याने माझ्या उत्तराची वाट पाहिली नव्हती. दवाखान्यातून परत मिळालेल्या त्याच्या पिशवीत एक खलबत्ता निघाला होता, आणि गेले अकरा महिने माझी आई सकाळ-संध्याकाळ माझ्याच घरात त्यात पान कुटत होती. तो पितळी होता.

सर आत आले तेव्हा माझे डोळे वाहत होते आणि मी हसत होतो. मी म्हणालो, "पितळी घेतला त्याने." सरांना काय कळणार? पण त्यांनी विचारलं नाही. "लई चांगलं," एवढंच म्हणाले आणि चहाचा ग्लास माझ्यापुढे ठेवला.

चहा झाल्यावर त्यांनी तो मेसेज, न ऐकता, एका पेनड्राइव्हवर आणि एका मेमरी कार्डवर उतरवून दिला. कॉम्प्युटरवरची प्रत माझ्यासमोर पुसली. मोबाइल तेवढ्यात एकदा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला.

"भिंती ओल्या हायत," सर म्हणाले. "सामान निघालं, आता सगळं पाडून नीट बांधू." त्यांनी केबल पुन्हा जोडली, पाठ ताठ केली आणि माऊसवर बोट ठेवलं. "ह्यातलं सगळं जाईल, परत येणार न्हाई. दोन म्हणून झालेत तुमचे. एक राहिलंय."

"कबूल," मी म्हणालो.

माझा आवाज मला वाटलं त्यापेक्षा बराच मोठा आला असावा, कारण शटरखालून वाकून दोन माणसं आत पाहू लागली. सरांनी एकदा माझ्याकडे नीट पाहून घेतलं, आणि मग बटण दाबलं.